उस्मान सेंबेन यांची रात्रशाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने कोणा थोर व्यक्तीच्या चरित्रावर चार शब्द बोलावयाचे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा माझे नाव निघाले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावची शाळाच सातवीपर्यंत होती आणि पुढे दोन कोसांवर मुलीला कोण पाठविणार? त्यामुळे भाषण म्हणजे मला हळदीकुंकवात घेतलेल्या उखाण्यापलीकडे ठाऊक नाही. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे, ही पहिलीच विनंती.

मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांचे नाव आहे उस्मान सेंबेन. हे आफ्रिकेतील सेनेगल देशाचे चित्रपट-दिग्दर्शक. नाव सांगितले तेव्हा आमच्या कार्यकारिणीतील एक बाई म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे थोर माणसांचा का दुष्काळ पडला आहे, म्हणून आफ्रिकेत जावयाचे?" त्यांचे म्हणणे काही खोटे नाही. पण माझ्या मुलीने कॉलेजच्या अभ्यासासाठी या गृहस्थांचे चित्रपट घरी संगणकावर लावले होते. मी भाजी निवडत बसले होते. चित्रपटातील भाषा मला समजत नव्हती आणि खाली इंग्रजी अक्षरे येत होती, तीही भराभर पळत. मुलगी मोठ्याने मराठीत सांगू लागली. निवडायची भाजी तशीच राहिली आणि स्वयंपाकाला त्या दिवशी उशीर झाला. त्यानंतर आम्ही मायलेकींनी एकेक करून त्यांचे बरेचसे चित्रपट पाहिले. मुलीने पुस्तकांतून त्यांची हकीकत वाचून दाखविली. त्यातली मला जी भावली तेवढीच सांगते.

सेंबेन यांचा जन्म १९२३ साली सेनेगलच्या दक्षिणेस कासामांस भागातील झिगँशोर या गावी झाला. त्या वेळी तेथे फ्रेंचांचे राज्य होते. वडील मासे धरण्याचा धंदा करीत. मुलगा फ्रेंच शाळेत जात असे. पण मुख्याध्यापकांशी भांडण झाले आणि तेरा-चौदा वर्षांच्या या मुलाला शाळेतून काढून टाकण्यात आले. पुढे तो डाकार शहरात आला. गवंडीकाम केले, मोटार दुरुस्तीचे काम केले. १९४४ साली त्याला फ्रेंच सैन्यात भरती करून घेतले. युद्ध संपले, घरी आला, तो हाताला काम नाही. तेव्हा तो फ्रान्सला गेला. पॅरिसला मोटारीच्या कारखान्यात काही काळ काढला आणि मग मार्सेय बंदराच्या गोदीत हमाल म्हणून राहिला.

भगिनींनो, येथवर ऐकून तुम्हाला वाटेल की हे तर पोटासाठी परमुलखी गेलेल्या कोणाही माणसाचे चरित्र झाले. खरे आहे. पण १९५१ साली गोदीत माल उतरविताना त्यांच्या पाठीचा मणका मोडला आणि कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले. गोदी कामगारांच्या युनियनचे एक वाचनालय होते. शाळेतून काढलेल्या या हमालाने तेथील पुस्तके वाचावयास घेतली. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की या पुस्तकांतून आपल्या लोकांची सुखदुःखे कोठेच नाहीत. असली तरी दुसऱ्याच कोणी लिहिलेली. मग त्यांनी स्वतःच लेखणी उचलली. १९५६ साली त्यांची पहिली कादंबरी निघाली. तिचा नायक त्यांच्यासारखाच गोदीतला हमाल आहे. १९६० साली त्यांची सर्वांत नावाजलेली कादंबरी आली. १९४७ च्या ऑक्टोबरात डाकार-नायजर रेल्वेच्या कामगारांनी संप केला आणि तो पाच महिन्यांवर चालला, त्याची ती कथा आहे. संप पुरुषांचा; पण नळाचे पाणी तोडले, दुकानदारांनी उधारी बंद केली, तेव्हा चुली कशा पेटवावयाच्या हा प्रश्न बायकांपुढे आला. शेवटी थिएस गावच्या बायका पायी चालत डाकारला जातात, असा त्यात प्रसंग आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरची माणसे १९८२ साली मुंबईच्या गिरणी संपात होती, त्यांना या कादंबरीतले पुष्कळ समजावून सांगावे लागणार नाही.

तर असे हे लेखक झाले. नाव झाले. त्याच १९६० साली सेनेगल स्वतंत्र झाला आणि सेंबेन मायदेशी परतले. आफ्रिकेतून हिंडले, फिरले. आणि तेथे त्यांना एक गोष्ट उमगली. ती मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी वाटते. त्यांनी पुस्तके लिहिली होती फ्रेंच भाषेत. ज्यांच्यासाठी लिहिली त्या शेतकऱ्यांना, कोळ्यांना, बाजारात बसणाऱ्या बायकांना फ्रेंच येत नव्हते आणि बहुतेकांना वाचताच येत नव्हते. म्हणजे पुस्तक लिहिले आईविषयी आणि आईला त्यातली एक ओळ कळू नये!

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, लोक शिकतील तेव्हा वाचतील. माझे नाव तर झाले. सेंबेन यांनी असे म्हटले नाही. त्यांनी ठरविले की, ज्याला वाचता येत नाही त्यालाही डोळे आहेत, कान आहेत. आपण चित्रपट काढावेत. परंतु चित्रपट काढावयाचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा वयाच्या चाळिशीला टेकलेला हा माणूस १९६२ साली मॉस्कोला गेला आणि तेथील गॉर्की स्टुडिओत मार्क दोन्स्कॉय या दिग्दर्शकांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. आपल्यात चाळिशी आली म्हणजे आपण चष्मा घेतो आणि म्हणतो, "आता काय शिकावयाचे राहिले?" म्हणून हा भाग मी मुद्दाम सांगितला.

त्या काळी आफ्रिकेत चित्रपट नव्हते असे नाही. डाकारच्या थिएटरांतून अमेरिकेचे चित्रपट लागत, फ्रान्सचे लागत, आपल्याकडचे हिंदी चित्रपटही लागत आणि लोक ते आवडीने पाहात. नव्हते ते तेथल्या माणसाने काढलेले. फ्रेंच सरकारचा १९३४ सालचा हुकूमच होता की, त्यांच्या आफ्रिकी मुलखात परवानगीवाचून कोणी चित्रीकरण करावयाचे नाही. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. सेंबेन यांचा पहिला कथा-चित्रपट 'बोरोम सारेत' आला १९६३ साली. मध्ये बरोबर पन्नास वर्षे गेली.

'बोरोम सारेत' म्हणजे गाडीवान. चित्रपट उणापुरा वीस मिनिटांचा. डाकारमधला एक गरीब घोडागाडीवाला सकाळी घराबाहेर पडतो. कोणी बसतो तो पैसे देत नाही; कोणी वाडवडिलांची स्तुती गातो, त्याला हा भाबडेपणाने दिवसाची कमाई देऊन टाकतो. एक बाप आपले मेलेले तान्हे मूल घेऊन गाडीत बसतो. पण कागद बरोबर नाहीत म्हणून दफनभूमीत त्याला आत घेत नाहीत. शेवटी एक सुटाबुटातला माणूस त्याला उंचावरच्या बड्या वस्तीत नेतो. तेथे गाड्यांना मनाई असते. पोलीस गाडी जप्त करतो आणि तो माणूस भाडे न देताच निघून जातो. गाडीवान नुसता घोडा घेऊन रिकाम्या हाताने घरी येतो. त्याची बायको काही बोलत नाही. कडेवरचे मूल त्याच्या हाती देते आणि आज रात्री आपण जेवू एवढे सांगून बाहेर पडते. ती कोठे जाते ते चित्रपट सांगत नाही. मी मुलीला विचारले, "कोठे गेली गं ती?" मुलगी म्हणाली, "आई, ते तुलाच विचारले आहे."

पुढचा चित्रपट १९६६ सालचा. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'अमक्यांची काळी मुलगी' असा काहीसा होतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या कृष्णवर्णी दिग्दर्शकाने काढलेला पहिला मोठा चित्रपट म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि फ्रान्समधला झाँ व्हिगो पुरस्कार त्याला मिळाला. ही कथा सेंबेन यांना वर्तमानपत्रातल्या एका लहानशा बातमीवरून सुचली. द्वाना नावाची एक तरुण मुलगी डाकारमध्ये एका फ्रेंच घरी मुले सांभाळण्यास राहते. पुढे ते कुटुंब तिला आपल्याबरोबर फ्रान्सला, समुद्रकाठच्या आंतीब गावी नेते. फ्रान्स पाहावयास मिळणार म्हणून ती हरखून गेलेली. पण तेथे गेल्यावर मुले सांभाळणे राहिले बाजूला. स्वयंपाक, धुणे, फरशी पुसणे सगळेच तिच्या गळ्यात पडते. खिडकीबाहेर दिसेल तेवढाच तिचा फ्रान्स. ती चांगले कपडे आणि उंच टाचांच्या चपला घालून काम करते, तर बाई म्हणते, तू मोलकरीण आहेस हे विसरू नकोस.

या मुलीला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या आईचे पत्र येते. आईलाही लिहिता येत नाही. तेही कोणाकडून तरी लिहवून घेतलेले. घरचा मालक ते वाचून दाखवितो आणि आपणच तिच्या नावाने उत्तर लिहावयास बसतो. काय लिहू, असे तो विचारतो; ती गप्पच. मग तोच लिहीत सुटतो की मी येथे सुखात आहे, मालक-मालकीण चांगले आहेत. द्वाना आईचे पत्र उचलते आणि फाडून टाकते.

भगिनींनो, येथे मी मुलीला चित्रपट थांबवावयास सांगितले. का, ते आज सांगते.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. आई आम्हा मुलांना घेऊन कोकणात गावी. महिन्याला मनिऑर्डर येई, तिच्यावर आई अंगठा उठवी. १९८२ साली संप सुरू झाला तशी मनिऑर्डर थांबली. वडील मिळेल ते काम करीत मुंबईतच राहिले. त्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. तो उतरेना. आईने शेजारच्या एका जाणत्या माणसाकडून पत्र लिहवून घेतले. तिने सांगितले होते की, बाळाचे काही खरे दिसत नाही, असाल तसे निघून या. वडील आले ते महिन्याने. तोपर्यंत बाळ गेला होता. वडिलांनी लवकर येऊ नये, याचा सल आईच्या मनात पुष्कळ वर्षे होता. ती बोलत नसे, पण तो होता.

मी सातवीत असताना वडिलांच्या ट्रंकेत ते पत्र मला सापडले. मला वाचता येत होते, म्हणून मी हौसेने आईला वाचून दाखविले. त्यात लिहिले होते, 'इकडील सर्व कुशल आहे. बाळास थोडा ताप येतो, पण काळजी नसावी. सवडीने यावे.' आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी असं सांगितलंच नव्हतं गो."

ज्यांनी लिहिले त्यांना मी दोष देत नाही. पत्रात वाईट लिहू नये, परगावी असलेल्या माणसाच्या जिवाला घोर लावू नये, अशी तेव्हा रीतच होती. पण आईचे शब्द आईचे राहिले नाहीत, एवढे मात्र खरे. सेनेगलमध्ये बसलेल्या एका माणसाला ही गोष्ट कशी कळली, याचे मला त्या दिवशी मोठे नवल वाटले.

चित्रपटात द्वाना शेवटी आपला जीव देते. मालक तिची पेटी आणि राहिलेला पगार घेऊन डाकारला तिच्या आईकडे जातो. आई पैशाला हात लावत नाही, पाठ फिरवून निघून जाते. मला आणखी एक कबूल करावयाचे आहे. आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप मी इतकी वर्षे वेगळा ठेवीत होते. कोणी सांगितले नव्हते. सासूबाईंच्या वेळेपासून चालत आले, म्हणून मीही चालविले. त्या चित्रपटानंतर तो कप मी फडताळातल्या कपांतच ठेवला. फार मोठे काम केले असे नाही. उशीरच झाला.

१९६८ साली सेंबेन यांनी 'मांदाबी' काढला. मांदाबी म्हणजे चक्क मनिऑर्डर! वोलोफ ही सेनेगलमधील बहुतेकांना समजणारी भाषा. त्या भाषेत बोलणारा हा पहिला मोठा चित्रपट. यासाठी पैसा फ्रान्समधून आला होता, म्हणून त्यांना एक फ्रेंच आवृत्तीही करून द्यावी लागली. पण वोलोफ सोडली नाही. आपल्या थिएटरात आपलीच भाषा ऐकून तेथल्या लोकांना काय वाटले असेल, ते आपण समजू शकतो.

इब्राहिमा जेंग नावाचा एक बेकार गृहस्थ. दोन बायका, सात मुले. पॅरिसला रस्ते झाडणारा त्याचा भाचा पंचवीस हजार फ्रँकची मनिऑर्डर पाठवितो. त्यातले वीस हजार भाच्यासाठी ठेवावयाचे, तीन हजार भाच्याच्या आईला द्यावयाचे आणि दोनच हजार जेंगचे. पण मनिऑर्डर आली ही बातमी हा हा म्हणता आळीभर होते. उसने मागणारे दाराशी उभे. बायकांनी तर आधीच दुकानातून उधारीवर तांदूळ आणलेला. इकडे पोस्टात म्हणतात, ओळखपत्र आणा. ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला आणा, फोटो आणा, तिकीट आणा. जन्मतारीख कोणाला ठाऊक? फोटो काढणारा पैसे घेतो, फोटो देत नाही, वर मारतो. शेवटी एक शिकलेला, मोटारवाला नातलग म्हणतो, "माझ्या नावाने अधिकारपत्र द्या, मी काढून आणतो." तो पैसे काढतो आणि सांगतो की खिसा कापला गेला. जेंगच्या हाती तांदळाचे पोते आणि थोडे पैसे ठेवून त्याला वाटेला लावतो.

हा चित्रपट पाहताना हसू येते. पण आपल्यातल्या कितीजणींना सासूच्या, आईच्या पेन्शनीसाठी असे खेटे घालावे लागले आहेत? या खिडकीवरून त्या खिडकीवर, आणि प्रत्येक ठिकाणी आणखी एक कागद. फसविणारा परका फ्रेंच नाही, आपल्यातलाच शिकलेला आहे, हे सेंबेन यांनी स्पष्ट दाखविले. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला पुरस्कार मिळाला.

पुढची हकीकत आटोपती घेते. १९७१ सालच्या 'एमिताय' या चित्रपटात त्यांच्याच कासामांस भागातली गोष्ट आहे. महायुद्धाच्या काळात फ्रेंच अधिकारी गावचे तरुण सैन्यात नेतात, मग भात मागू लागतात. बायका भात लपवितात. त्यांना उन्हात बसवून ठेवतात, तरी त्या सांगत नाहीत. १९७५ सालच्या 'खाला'त स्वतंत्र देशातले नवे श्रीमंत आहेत, ज्यांच्या मोटारीलासुद्धा फ्रान्सहून आलेले बाटलीतले पाणी लागते. त्या चित्रपटाला सरकारने कात्री लावली. १९७७ साली 'चेद्दो' आला, तो तर कित्येक वर्षे त्यांच्याच देशात दाखवू दिला नाही. सरकारी कारण काय? तर नावात 'द' एक हवा, सेंबेन यांनी दोन लिहिले! त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः मोठे कवी होते. खरे कारण आतल्या गोष्टीत असावे असेच सगळे समजतात. राजा, धर्मोपदेशक आणि माणसे विकत घेणारा व्यापारी यांना एकाच गावात आणून सेंबेन यांनी सर्वांनाच प्रश्न विचारले होते. एक 'द' गाळला असता तर चित्रपट लागलाही असता. त्यांनी तो गाळला नाही. आपली भाषा कशी लिहावयाची हे ज्याचे त्याने ठरवावे, असे त्यांचे मत होते; १९७१ साली त्यांनी मित्राबरोबर वोलोफ भाषेत 'काद्दू' नावाचे एक नियतकालिकही काढले होते.

त्यानंतरचा मोठा चित्रपट यावयास अकरा वर्षे लागली. १९८८ सालचा 'त्यारोयची छावणी'. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले आफ्रिकी सैनिक डाकारजवळ त्यारोय येथे आपला थकलेला पगार मागत होते. १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. ज्या सैन्यात सेंबेन होते त्याच सैन्यातले हे लोक. हा चित्रपट त्यांनी थिएर्नो फाती सो यांच्यासह केला आणि त्याला फ्रान्सचा पैसा घेतला नाही. सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या आफ्रिकी देशांनीच तो उभा केला. त्या गोळीबाराला हत्याकांड म्हणण्यास फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना २०२४ साल उजाडावे लागले. चित्रपटाने ते छत्तीस वर्षे आधी म्हटले होते.

चित्रपट काढला म्हणजे काम संपले असे ते मानीत नसत. रिळे घेऊन गावोगाव जात, दाखवीत आणि मग लोकांशी चर्चा करीत बसत. सिनेमा ही आमची रात्रशाळा आहे, असे ते म्हणत. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळी यावे, पाहावे आणि बोलावे.

आता शेवटचा चित्रपट, 'मोलादे'. तो २००४ साली आला तेव्हा सेंबेन एक्याऐंशी वर्षांचे होते. बुर्किना फासो देशातल्या एका लहान गावी त्याचे चित्रीकरण झाले. विषय असा की, त्या भागात लहान मुलींची सुंता करण्याची चाल आहे. आपणा बायकांच्या सभेत हे बोलावयास मी संकोचत नाही. त्यात मुली दगावतात आणि जगल्या तर बाळंतपणात हाल होतात. चार लहान मुली त्या विधीतून पळून कोले आर्दो नावाच्या बाईकडे येतात. या बाईने स्वतः ते भोगलेले. आधीची बाळे गेलेली आणि एकच मुलगी पोट फाडून झालेली. तिने आपल्या त्या मुलीला या विधीपासून वाचविलेले असते. ती दाराच्या उंबरठ्यावर आडवी एक रंगीत दोरी बांधते. मोलादे म्हणजे आश्रय. दोरी बांधली की, बांधणारीने शब्द उच्चारून ती सोडीपर्यंत कोणी आत येऊन मुलींना हात लावावयाचा नाही, अशी तेथली जुनी रीत.

गावचे पुरुष चिडतात. बायका बिघडल्या त्या रेडिओने, असे ठरवून घराघरांतले रेडिओ गोळा करतात आणि त्यांचा ढीग करून पेटवून देतात. कोलेच्या नवऱ्याला चढवून भर चौकात तिला चाबकाने मारावयास लावतात. ती एक शब्द उच्चारील तर मार थांबेल. ती दात आवळून उभी राहते. बायकांचा घोळका बाजूला उभा. काहीजणी ओरडतात, "बोल, बोल!" आणि काहीजणी ओरडतात, "बोलू नकोस!" ती बोलत नाही. शेवटी गावच्या बायका एकत्र येतात, विधी करणाऱ्या बायांच्या सुऱ्या काढून घेतात आणि म्हणतात, यापुढे आमच्या मुलींना कोणी हात लावणार नाही. कोलेचे काम केलेल्या फातुमाता कुलिबाली या मालीतील बाई स्वतः त्या चालीविरुद्ध बोलणाऱ्या, रेडिओवर काम करणाऱ्या. कान महोत्सवात त्या चित्रपटाला त्याच्या विभागातला पहिला पुरस्कार मिळाला.

मला त्यात सर्वांत आवडली ती दोरी. तलवार नाही, बंदूक नाही. घरात कोणत्याही बाईला सापडेल अशी साधी दोरी आणि ती न सोडण्याचा निश्चय.

सेंबेन ९ जून २००७ रोजी डाकारला आपल्या घरी वारले. रोजच्या जगण्यातल्या धैर्यावर तीन चित्रपट काढावयाचे त्यांनी योजिले होते. पेट्रोलपंप चालविणाऱ्या बाईवरचा 'फात किने' आणि 'मोलादे' हे दोन झाले, तिसरा राहिला. चाळीस वर्षांत त्यांनी मोजकेच चित्रपट काढले. दर वेळी पैशासाठी दारोदार, दर वेळी कोणाची तरी परवानगी. पण कोणाच्याही मर्जीने त्यांनी आपली गोष्ट फिरविली नाही.

अध्यक्षबाई, चरित्र सांगितले म्हणजे त्यातून बोध काढावा असा आपला रिवाज आहे. मोठा बोध सांगण्याचा माझा अधिकार नाही. मला वाटते ते एवढेच की, आपले म्हणणे आपल्या तोंडाने सांगता आले पाहिजे, आपल्या हाताने लिहिता आले पाहिजे आणि तेही आपल्या भाषेत. दुसऱ्याने आपल्यासाठी लिहिले, मग तो कितीही भला असो, तर त्यात 'सर्व कुशल आहे' असेच येणार.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्या वस्तीत सही न येणाऱ्या बाया आजही आहेत, आपल्या घरी कामाला येणाऱ्यांतही आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी मंडळाची खोली मोकळी असते. तेथे अक्षर-ओळखीचा वर्ग सुरू करावा. शिकविणाऱ्या मास्तरीण बाई हव्यात असे नाही. सातवी झालेली मी एक तयार आहे. आणि महिन्यातून एकदा असा एखादा चित्रपट लावावा. अक्षरे वाचून मराठीत सांगण्याचे काम माझ्या मुलीने कबूल केले आहे.

माझी आई आज सत्तरीच्या पुढे आहे. गेल्या दिवाळीला ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्यापासूनच मी सुरुवात केली. हात थरथरतो, पण स्वतःचे नाव ती लिहिते. दुसरे नाव तिने शिकवावयास सांगितले ते त्या गेलेल्या बाळाचे.